सोनं नको, पाणी द्या: उन्हानं लघुग्रह फोडायची आयडिया नक्की काय आहे

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून परत येतो, बहुतेक तुमच्याकडेही आला असेल. सायकी नावाचा एक लघुग्रह आहे, तो म्हणे अख्खा सोन्याचा, किंमत इतकी की शून्यं मोजतानाच दमायला होतं, आणि तो खाली आणला तर पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश. परवा तो अण्णाकाकांनी टाकला, खाली हात जोडलेले इमोजी, आणि पाचव्या मिनिटाला भाच्याचा मला वेगळा मेसेज, "मामा हे खरंय का? आणि आणायचा कसा?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही. सायकीत धातू बराच असावा असं मानतात, नासाचं यान १३ ऑक्टोबर २०२३ ला तिकडे निघालंय आणि २०२९ मध्ये पोचायचंय, पण धातू म्हणजे मुख्यतः लोखंड आणि निकेल. आणि समजा खरंच एवढं सोनं खाली आलं असतं तर सोनं भंगारवाल्याकडे किलोवर गेलं असतं, मग कोण कुठला अब्जाधीश. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाइप करत बसलो ते मात्र इतकं लांबलं की म्हटलं नीट लेखच लिहू. कारण लघुग्रहावर खाण काढायची म्हणून जे लोक खरोखर कागद-पेन्सिल घेऊन बसलेत, त्यातल्या काहींना सोनं नकोच आहे. त्यांना पाणी हवंय. आणि ते काढायला त्यांना ड्रिल नकोय, आरसा हवाय.

## लघुग्रह म्हणजे उरलेली खडी

घर बांधून झालं की दारात वाळूचा ढीग, विटांचे तुकडे, थोडी खडी पडून राहते, ती कुणी उचलत नाही. ग्रह बनून झाल्यावर उरलेला असाच माल म्हणजे लघुग्रह, फक्त तो साडेचारशे कोटी वर्षं पडून आहे. बहुतेक माल मंगळ आणि गुरूच्या मधे आहे, पण काही तुकडे पृथ्वीच्या वाटेजवळून फिरत असतात. त्यातला एखादा कधीतरी येऊन आदळतो आणि बुलढाण्यातलं लोणार सरोवर होतं, जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, थेट आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेला खड्डा. म्हणजे ही सगळी मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत.

ढोबळमानाने यांच्या तीन जाती. लोखंडी, दगडी, आणि कोळशासारखे काळे. फॉरवर्डवाल्यांना लोखंडी आवडतात, आपल्याला आज काळ्यांशी काम आहे. शास्त्रज्ञ त्यांना कार्बनी लघुग्रह म्हणतात, मी काळेच म्हणणार. या काळ्यांत पाणी असतं, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, काहींत त्याहून जास्त.

आता पाणी म्हणजे तिथे विहीर नाही. वीटभट्टी बघितलीय ना? कच्ची वीट उन्हात वाळवून खडखडीत केलेली असते, हाताला अजिबात ओली लागत नाही, तरी भट्टी पेटली की त्यातनं परत वाफ निघतेच. ते पाणी मातीच्या कणांत रसायन म्हणूनच बांधलेलं असतं, पाचेकशे अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय ते सुटत नाही. काळ्या लघुग्रहात हीच गोष्ट आहे, चिकणमातीच्या भावकीतली खनिजं, आणि त्यांच्यात कोंडलेलं पाणी.

हे कशावरून, तर नमुने आणलेत. जपानच्या हायाबुसा-२ ने २०२० मध्ये र्‍युगूवरून पाच-साडेपाच ग्रॅम माती आणली, नासाच्या ओसायरिस-रेक्सने २४ सप्टेंबर २०२३ ला बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम. दोन्ही काळे, दोन्हींत अशीच पाणी पिऊन बसलेली माती. आणि लांब कशाला, ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात शेतात येऊन पडलेला दगड याच काळ्या जातीचा निघाला.

## पण पाण्यासाठी एवढी यातायात?

इथे माणूस थोडा नाराज होतो. सोनं राहिलं बाजूला, आणि हा पाणी म्हणतोय.

एक हिशोब बघा. ओसायरिस-रेक्स मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर, आणला माल १२१.६ ग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे ८० लाख डॉलरच्या वर. ती मोहीम धंद्यासाठी नव्हती, विज्ञानासाठी होती, त्यामुळे तिला नावं ठेवत नाहीये, पण तिथून काही उचलून *इथे* आणून विकायचं म्हटलं की गणित कुठे जातं ते कळतं. उलट तिथलं तिथेच विकलं तर? वर गिऱ्हाईक आहे, आणि त्याला जी वस्तू लागते ती नेमकी पाणी आहे.

आपलं पीएसएलव्ही रॉकेट घ्या. उडताना वजन ३२० टन. ध्रुवीय कक्षेत नेतं किती, पावणेदोन टन. बाकी काय आहे, तर मुख्यतः इंधन, आणि ते इंधन उचलायला लागणारं इंधन. कल्पना करा की देशात एकही पेट्रोल पंप नाही आणि तुम्हाला पुण्याहून काश्मीरला जाऊन परत यायचंय, तर निघतानाच सगळं डिझेल मागे टँकरला लावून न्यायचं, आणि तो टँकर घाटात ओढायला आणखी एक टँकर. आजचा अंतराळप्रवास असा आहे. वाटेत एक पंप जरी असता तरी सगळं बदललं असतं.

पाणी म्हणजे तो पंप. वीज सोडून पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, जगातल्या उत्तम रॉकेट इंधनांपैकी एक जोडी. फोडायचं नसेल तर नुसतं कडक तापवून वाफेचा झोत मागे सोडला तरी यान ढकललं जातं, कमी जोरात, पण जातं. शिवाय प्यायला, श्वासाला, किरणोत्सारापासून आडोसा म्हणून भिंतीत भरायला. वर पाण्याची किंमत काय ते बघायचं तर अंतराळ स्थानकात बघा, तिथे लघवी, घाम, श्वासातली वाफ असं सगळं गाळून परत पितात, २०२३ मध्ये नासाने हे प्रमाण ९८ टक्क्यांवर नेलं. युनायटेड लाँच अलायन्स या अमेरिकन रॉकेट कंपनीने तर काही वर्षांपूर्वी भावच सांगून टाकला होता, पृथ्वीजवळच्या कक्षेत कुणी रॉकेटचं इंधन आणून देत असेल तर किलोला ३००० डॉलर देऊ. अडीच लाख रुपये लिटर धरा. स्टेशनवरच्या पाण्याच्या बाटलीची किंमत आठवून बघा.

## मग खणा की, अडवलंय कोणी

अडवलंय वजनानं, म्हणजे वजन नसण्यानं.

गावात बोअरची गाडी आली की कसं असतं, रात्रभर सगळी आळी जागी, धुरळा, आणि दहा-पंधरा टनाचं ते धूड जमिनीवर पाय रोवून उभं. ड्रिल खाली जातं कारण वरून गाडीचं वजन दाबतंय आणि चाकं जमिनीला धरून आहेत म्हणून गाडी स्वतःभोवती फिरत नाही. आता हीच गाडी अशा जागी न्या जिथे तिचं वजन चिमूटभर साखरेएवढं. ड्रिल सुरू केलं की दगडाला भोक पडायच्या आत गाडीच उलटी गरगरत आभाळात जाईल.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला युरोपचं फिले नावाचं शंभरेक किलोचं यान एका धूमकेतूवर उतरलं, जमिनीत रुतायला त्याच्याकडे भाले होते ते सुटलेच नाहीत, आणि ते पठ्ठं चेंडूसारखं उसळलं, परत टेकायला जवळजवळ दोन तास लागले, आणि शेवटी कुठल्यातरी कड्याच्या सावलीत जाऊन पडलं. बेन्नूवर उलटाच प्रकार. २० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात जमिनीला टेकला तर जमीन कसली, लहान मुलांच्या त्या प्लास्टिक बॉलच्या हौदासारखा सैल ढीग, हात अर्धा मीटर आत गेला. माल इतका भरला की दगड झाकणात अडकले, झाकण मिटेना, आणि थोडा माल अंतराळात सांडला. म्हणजे एके ठिकाणी पाय टेकेना, दुसऱ्या ठिकाणी पाय बुडाला. अशा जागेवर जेसीबी चालवायचा विचार सोडून द्यावा हे उत्तम.

## भिंग, कागद आणि शिर्डीचा स्वयंपाक

लहानपणी भिंगाने कागद जाळला नाही असा माणूस कमी. मी आजोबांच्या वाचायच्या भिंगाने आमच्या ओट्यावर बसून पेपरच्या कडा जाळायचो, आधी पिवळा डाग, मग तपकिरी, मग धुराची एक बारीक रेघ आणि अचानक भोक. भिंग उष्णता बनवत नाही, पसरलेलं ऊन एका ठिपक्यात गोळा करतं, बास.

हेच मोठ्या प्रमाणात बघायचं तर शिर्डीला प्रसादालयाच्या गच्चीवर बघा. २००९ पासून तिथे ७३ मोठाल्या डिश बसवल्यात, प्रत्येक १६ चौरस मीटरची, आरशांच्या. ऊन गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो लोकांचं जेवण शिजतं. आणि फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरात ओदेयो गावी याच्याही पुढची गोष्ट आहे, एका इमारतीची अख्खी भिंतच वाकडा आरसा, समोरच्या उतारावर ६३ सपाट आरसे त्याच्यावर ऊन फेकतात, ठिपक्यात तापमान ३००० अंशांच्या वर. लोखंड तिथे मेणासारखं वाहतं.

आता हा आरसा लघुग्रहासमोर न्या. तिथे ढग नाहीत, रात्र नाही, हवा नाही. चौरस मीटरमागे १३६१ वॉट, चोवीस तास, बारा महिने. वारा नाही म्हणून आरसा जाड काचेचा लागत नाही, चांदीच्या वर्खासारखी पातळ फिल्म ताणून धरली तरी पुरते. हे गोळा केलेलं ऊन लघुग्रहावर मारायचं आणि त्यातलं पाणी बाहेर काढायचं, याला म्हणतात ऑप्टिकल मायनिंग. भारी नाव आहे, पुढे मी उन्हाची खाण म्हणतो.

पण नुसतं तापवून भागतं का? वरचा थर तापेल, सुकेल, मग तोच कोरडा थर आतल्याला ब्लँकेटसारखा झाकेल, आणि काम थांबेल. मलाही पहिल्यांदा हीच शंका आली होती. उत्तर मला माहीत होतं, फक्त ते मला माहीत आहे हे माहीत नव्हतं.

शाळेची वनभोजनं असायची नदीकाठी. एकदा आम्ही चुलीला म्हणून पाण्याच्या कडेचेच तीन गोटे लावले, छान गुळगुळीत, एकसारखे. वर भाताचं पातेलं. पंधरा-वीस मिनिटांनी फट्ट करून असा आवाज झाला की बाई किंचाळल्या, एक गोटा तडकून त्याची टिकली उडून माझ्या चपलेजवळ पडली, पातेलं कलंडलं, निम्मा भात राखेत. स्वयंपाकाला आलेल्या मावशी म्हणाल्या, "अरे येड्यांनो, नदीतला धोंडा लावतात व्हय चुलीला, त्येच्या पोटात पाणी असतंय." दगडाच्या बारीक भेगांतलं पाणी तापून वाफ होते, वाफेला जागा लागते, जागा नाही, मग ती दगडच फोडते.

उन्हाची खाण याच फट्टवर उभी आहे. ठिपक्याखालचा थर तापतो, आतली वाफ आणि वायू फुगतात, थराची टिकली उडते, खालचा ताजा थर उघडा पडतो, तो तापतो, त्याची टिकली उडते. दगड स्वतःच स्वतःला सोलत जातो, कांद्यासारखा. ड्रिल नाही, पातं नाही, झिजणारं काही नाही. दगडाला काहीही टेकत नाही म्हणून यान उसळायचा प्रश्नही उरत नाही. मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की जे पाणी हवंय तेच सुरुंगाचं काम करतं.

## वाफ उडून जाईल त्याचं काय

जाईल, म्हणून आधी लघुग्रह पिशवीत घालायचा. हसू नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या केक इन्स्टिट्यूटमध्ये एक अभ्यास झाला, सात मीटरचा, ५०० टनांचा लघुग्रह मोठ्या पिशवीत धरून चंद्राजवळ आणायचा, खर्च साधारण २६० कोटी डॉलर. नासाने २०१३ मध्ये ते मनावरही घेतलं होतं, मग योजना बदलत गेली आणि २०१७ मध्ये गुंडाळली. पिशवीची कल्पना मात्र टिकली.

पिशवी मजबूत पातळ प्लास्टिकची, उष्णता सोसणारी. तिच्यात ऊन आत यायला वाट, आणि वाफ बाहेर जायला एक नळी. नळीचं दुसरं टोक सावलीत. अंतराळात आडोसा केला की सावलीत कडाक्याची थंडी असते, वाफ तिथे गेली की आपोआप बर्फ. ज्यांनी हातभट्टी पाहिलीय (पाहिलीय म्हणतोय फक्त) त्यांना हे लगेच कळेल, खाली तापणारं मडकं, मधे नळी, पलीकडे गार भांडं. तत्त्व तेच, माल वेगळा.

## माझं पाकिटामागचं गणित

आकडे पटायला हवेत म्हणून मी एका संध्याकाळी लाइट बिलाच्या मागे हिशोब मांडला. ढोबळ आहे, कुणी इंजिनिअर वाचत असेल तर हसून घ्या.

दहा मीटर व्यासाचा आरसा धरा. क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर, गुणिले १३६१, म्हणजे जवळपास १०६ किलोवॉट, दीड किलोवॉटच्या सत्तर इंडक्शन शेगड्या एकदम चालू. निम्मी उष्णता इकडेतिकडे गेली म्हणू, उरली ५३. एक लिटर पाण्यासाठी दहा किलो दगड सहाशे अंशांपर्यंत तापवायचा, त्यातलं पाणी सोडवायचं, वाफ करायची, याला सगळं मिळून साधारण १२ मेगाज्यूल, वीज मंडळाच्या भाषेत तीन-साडेतीन युनिट. म्हणजे चार मिनिटांत लिटरभर. दिवसाला साडेतीनशे-पावणेचारशे लिटर, गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी तीन दिवसांत. बिल शून्य.

आणि दहा मीटर जाडीच्या लघुग्रहाचं वजन साधारण हजार टन, दहा टक्के पाणी म्हणजे शंभर टन, एक लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे दहा हजार लिटरचे टँकर असतात ना, तसे दहा. नऊ महिन्यांचं काम. मे महिन्यात मराठवाड्यातल्या कुणाला सांगितलं की एवढ्या खटाटोपातून दहा टँकर मिळतात तर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, पण तेच दहा टँकर वर कक्षेत, त्या ३००० डॉलरच्या भावाने, ३० कोटी डॉलरचे होतात.

## "मग इथूनच मोठा आरसा धरा ना"

भाच्याचा प्रश्न. सिनेमात असं दाखवतात की एक महाकाय आरसा, एक किरण, आणि लांबवरचं काहीतरी भस्म. तसं होत नाही, आणि का होत नाही हे मजेशीर आहे. सूर्य आपल्याला ठिपका दिसत नाही, अर्ध्या अंशाची थाळी दिसतो. भिंग किंवा आरसा जो ठिपका पाडतो तो खरं म्हणजे त्या थाळीचं छोटं चित्र असतं, आणि दगड जितका लांब तितकं चित्र मोठं. दहा मीटरवर मारलं तर ठिपका नऊ सेंटिमीटरचा, पोळपाटापेक्षाही लहान, तिथे दगड फुटेल. एक किलोमीटरवरून मारलं तर ठिपका नऊ मीटरचा, तिथे फारतर पापड वाळतील. म्हणून आरसा जवळच न्यावा लागतो. आणि आरसा कितीही वाढवा, सूर्याच्या पृष्ठभागाच्या साडेपाच हजार अंशांच्या वर या पद्धतीने काहीच तापवता येत नाही. तापलेल्या तव्यावरची भाकरी तव्यापेक्षा गरम होत नाही, तसंच.

## चंद्रावर पाणी आहेच की, आपणच शोधलं ना

हो, चंद्रयान-१ वरच्या उपकरणाने २००९ मध्ये त्याची खूण दाखवली, अभिमान आहेच. पण चंद्रावरचं जे बर्फ उपयोगाचं वाटतं ते ध्रुवाजवळच्या खोल विवरांत आहे, आणि ते तिथे टिकलंय *कारण* तिथे कधीच ऊन पडत नाही. म्हणजे आपली सगळी युक्ती उन्हाची आणि माल नेमका अंधारात. शिवाय काढलेलं पाणी चंद्राच्या ओढीतून वर उचलायचं, त्याला परत इंधन. लहान लघुग्रहाला ओढच नाही, हलकासा धक्का दिला की सुटलात. काही लघुग्रहांपर्यंत जायला चंद्रावर उतरण्यापेक्षा कमी इंधन लागतं. मात्र ते आपल्या शेजारून रोज जात नाहीत, एखादा आज हाताशी असेल तर परत सोयीच्या जागी यायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. चंद्र म्हणजे रोजची लोकल, लघुग्रह म्हणजे हॉलिडे स्पेशल, गेली की गेली.

## जिथे मला अजून शंका आहे

एक, गरगर. छोटे लघुग्रह शांत बसलेले नसतात. २००८ टीसी३ नावाचा चारेक मीटरचा दगड ६ ऑक्टोबर २००८ ला सापडला आणि दुसऱ्याच दिवशी सुदानच्या वाळवंटावर फुटला, तो येताना दीड-पावणेदोन मिनिटात एक गिरकी घेत होता, तीही वेडीवाकडी. हजार टनाचा असा भोवरा पिशवीत धरून थांबवायचा, पिशवी न फाटता. मला हा सगळ्यात अवघड भाग वाटतो.

दुसरी, काजळी. हे दगड काळे आहेत ते उगाच नाही, त्यात डांबरासारखे कार्बनी पदार्थ असतात, गंधकही असतं. तापले की तेही निघणार, आणि ऊन आत येण्याच्या वाटेवर बसणार. चुलीजवळची भिंत आठवा. आरशाला धूळ आणि खिडकीला काजळी लागली तर तिथे फडकं मारायला कोण जाणार? आणि मिळालेलं पाणी थेट पिण्याजोगं नसणार, गाळून-शुद्ध करूनच.

तिसरी शंका धंद्याची, आणि ती लोक पुरेशी बोलत नाहीत. रॉकेटं स्वस्त होतायत. एकदा वापरलेला टप्पा परत उतरवून पुन्हा उडवणं २०१७ पासून सुरू झालं आणि आता रोजचं झालंय. उद्या पृथ्वीवरूनच पाणी स्वस्तात वर जायला लागलं तर दारात मिळणारं दूध सोडून कोण लांबच्या गोठ्यात जाईल? याला उत्तर एवढंच की पृथ्वीजवळ ते खरं आहे, पण जितकं लांब जाल, चंद्रापलीकडे, मंगळाकडे, तितका वाहतुकीचा खर्च चढत जातो आणि तिथल्या पाण्याला भाव येतो. पण लांब जाणारं गिऱ्हाईक आधी हवं. पंप आधी की गाड्या आधी, हा तिढा अजून सुटलेला नाही.

## आणि तो आपल्याच डोक्यात पडला तर?

रास्त भीती. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड हवेत फुटला, जमिनीवर आलेही फक्त तुकडे, पण धक्क्याने काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. दहा मीटरचा म्हणजे आकारमानाने त्याच्या आठव्या हिश्श्याचा, बहुतेक वरच विखरेल, तरी "काही होत नाही हो" असं मी म्हणणार नाही. म्हणूनच सगळे प्रस्ताव लघुग्रह खाली आणायचे नसतात, तो चंद्राच्या आसपास किंवा आहे तिथेच ठेवून फक्त बर्फ आणायचा. तो आणायलाही बाहेरून इंधन नको, त्याच आरशाने थोडं पाणी तापवून वाफेवर यान परत. म्हणजे उसाचा ट्रक वाटेत थोडा रस पीत पीत कारखान्यावर पोचावा तसं.

मालकीचं म्हणाल तर १९६७ च्या करारानुसार कुठलाच देश आकाशातल्या कुठल्याच गोळ्यावर सातबारा लावू शकत नाही. पण काढलेल्या मालाचं काय? अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदे करून टाकले की काढेल त्याचा माल. समुद्र कुणाचा नाही पण जाळ्यात आलेलं पापलेट कोळ्याचं, अशी ती भूमिका. भारताने जून २०२३ मध्ये ज्या आर्टेमिस करारावर (अंतराळात कसं वागायचं याचे अमेरिकेच्या पुढाकाराने ठरलेले नियम) सही केली त्याचाही सूर तसाच आहे. सगळे देश याला मान डोलावतात असं मात्र नाही.

## प्रत्यक्षात गाडी कुठवर आलीय

उन्हाच्या खाणीवर सगळ्यात चिकाटीने बसलेला माणूस म्हणजे जोएल सर्सेल, आधी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत होते, मग ट्रान्सॲस्ट्रा ही कंपनी काढली. नासाच्या अचाट कल्पनांना पैसे देणाऱ्या योजनेतून त्यांना टप्प्याटप्प्याने मदत मिळाली, २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याची, जो फार थोड्यांना मिळतो. यानांची नावं सगळी मधमाशीवरून, मिनी बी, हनी बी वगैरे. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या सौरभट्टीत त्यांनी नकली लघुग्रहाच्या दगडावर ऊन मारून बघितलं, दगड तडकत गेला, वाफ निघाली. म्हणजे फट्ट होतं, एवढं जमिनीवर सिद्ध झालंय. लघुग्रहावर अजून कुणी केलेलं नाही.

बाकी या धंद्याचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही हेही सांगायला हवं. २०१२-१३ मध्ये गाजावाजा करून आलेल्या प्लॅनेटरी रिसोर्सेस आणि डीप स्पेस इंडस्ट्रीज या दोन्ही कंपन्या २०१९ उजाडेपर्यंत दुसऱ्यांच्या पोटात गेल्या. ॲस्ट्रोफोर्ज कंपनीचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये उडालं, ते धातूवाल्यांच्या पंथातलं, आणि काही तासांतच त्याच्याशी नीट संपर्क राहिला नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला लघुग्रहाचे शेअर विकायला आला तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

हे सगळं भाच्याला पाठवल्यावर तासाभराने त्याचा रिप्लाय आला. त्याने शोधून काढलं होतं की अपोफिस नावाचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला, आपल्या घड्याळाने १४ एप्रिलच्या पहाटे, पृथ्वीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, टीव्हीचे उपग्रह असतात त्याच्याही आतून. "मामा, घरपोच येतोय. पिशवी तयार ठेवूया का?"

म्हटलं, एक तर तो साडेतीनशे मीटरचा आहे, एवढी पिशवी कुणी शिवली नाही. आणि दुसरं म्हणजे जात बघ त्याची. दगडी आहे, कोरडा ठणठणीत.